चिमाचा खरा रंग

"हा फोटो माझ्या चिमाचा नव्हंच," सोनूबाई काउंटरवर फोटो आपटून म्हणाली. पालीहून पहिल्या एसटीने ती थेट रत्नागिरीतल्या या स्टुडिओत आली होती. "माझी पोर काळी व्हती. तुज्या बापाने गोरी केलीन. हा फोटो बघून राजापूरची माणसं आली, पोरीला बघितलानी आणि चाय न पिताच उठली. परत ती फोटोला उभी ऱ्हायली नाय. वरसाच्या आत तापाने गेली. बावीस वर्सं झाली, मला माझी पोर बघायचीय."

काउंटरमागच्या नाझियाने वडिलांकडे पाहिलं. हमीद कसनुसा हसला. त्या काळी तो निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी बारीक पेन्सिल फिरवायचा. मग छापताना माणूस हमखास उजळ निघे, आणि लोक खूश.

"लोकच मागायचे," तो म्हणाला.

"हिने मागितलं होतं?" नाझियाने फोटोतल्या चिमावर बोट ठेवलं.

तिने जुन्या पाकिटांतून ती ब्लॅक-अँड-व्हाइट निगेटिव्ह शोधली आणि स्पिरिटचा बोळा घेऊन पेन्सिल पुसायला बसली.

"माझी अख्खी दुपार गेली होती त्यावर," हमीद कुरकुरला.

"आणि तिचं काय गेलं, अब्बा?"

पेन्सिल गेली, पण पुढे खरी गंमत. डार्करूमचा कागद मिळेनासा झाला होता, म्हणून आता निगेटिव्ह स्कॅन करून सगळं इंकजेट प्रिंटरवर. पहिला फोटो ट्यूबलाइटखाली झकास दिसला. अंगणात नेला, तर चिमाच्या गालावर शेवाळ धरलेलं! रंगीत शाया मिसळून केलेला काळा उन्हात हिरवा पडतो. गोऱ्या चेहऱ्यात ते खपून जायचं, म्हणून आजवर कुणाची तक्रार आली नव्हती.

"थोडी उजळ कर, लपेल," हमीद म्हणाला.

नाझियाचं डोकंच फिरलं. त्या पोरीला दुसऱ्यांदा फसवायचं? मेले तरी नाही, असं तिने ठरवूनच टाकलं.

तिने नुसत्या काळ्या शाईवर छापलं. नाचणी सांडावी तसे गालभर ठिपके उठले. मुंबईहून दुसरी काळी मागवली, तर ती चकचकीत कागदावर बोटाने पुसली जाई. तिसरी काजळीची, खरबरीत सुती कागदासाठी केलेली. तिचा काळा उन्हात नेला तरी काळाच राहिला. पण गाल, कपाळ आणि वेणी मिळून एकच डाग! काळा काळाच हवा, पण त्याच्या आत माणूस दिसायला हवा ना?

मग काळ्याच्याच फिक्या-गडद छटा मिळाव्यात म्हणून तिने तीच शाई तीन बाटल्यांत कमी-जास्त पातळ केली आणि प्रिंटरमधल्या रंगांच्या रिकाम्या डब्यांत इंजेक्शनच्या सुईने भरली.

"यंत्र बंद पडेल," हमीद म्हणाला.

"पडू दे."

यंत्र दोनदा अडलं, तिने दोनदा साफ केलं. आठवडाभर कागदाच्या पट्ट्या छापायच्या, अंगणात न्यायच्या, परत येऊन बाटलीत चार थेंब वाढवायचे. बोटं इतकी काळी झाली की जेवताना आई तिच्या ताटाकडे बघेना. हमीद पहिले दोन दिवस लांबून बघत होता. तिसऱ्या दिवशी आपणच पट्ट्या उन्हात नेऊ लागला.

सोनूबाई परत आली तेव्हा नाझियाने नवा फोटो तिच्यापुढे ठेवला. फोटो घेऊन सोनूबाई दारात उजेडाला गेली. गाल काळेभोर, त्याहून काळी वेणी, आणि दोन्ही वेगवेगळे दिसत होते. नाकाच्या शेंड्यावर घामाचं तेज. डाव्या भुवईखाली लहानपणीचा व्रण होता, तो पेन्सिलीखाली कधीचा गडप झाला होता.

पदराने डोळे पुसून सोनूबाईने फोटो हमीदसमोर धरला.

"हमीदभाय, वळखलात?"

हमीदने फोटो दोन्ही हातांनी धरला.

"आज ओळखली," तो म्हणाला. "त्या दिवशी मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं."