पुराव्यात नसलेला दिवस

ही हकीकत मी गेल्या वर्षी, नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या शनिवारी दुपारी, वसईजवळच्या गास गावी लिली तुस्कानो यांच्या घराच्या ओसरीवर त्यांच्याच तोंडून ऐकली. वसईच्या कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून दीर्घकाळ काम करून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि मी माझ्या पदव्युत्तर प्रबंधासाठी त्यांच्या कामाची पद्धत समजून घ्यायला गेलो होतो. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. पक्षकारांची आणि न्यायाधीशांची नावे बदलली आहेत. यातले काय मला पडताळता आले आणि काय आले नाही, ते शेवटी नोंदवले आहे.

लिलीबाईंची एक पद्धत न्यायालयात सर्वांना ठाऊक होती आणि तिची थोडीफार थट्टाही होत असे. पक्षकारांचे अर्ज वाचण्याआधीच त्या त्यांना भेटत. नवऱ्याने बायकोवर आणि बायकोने नवऱ्यावर काय काय आरोप केले आहेत हे आधीच डोक्यात घेऊन बसले, की समोर येणारा माणूस त्या आरोपांच्याच आकाराचा दिसू लागतो, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून आधी माणूस, मग कागद. पहिल्या भेटीत दोघांना वेगवेगळे बसवून त्या एकच गोष्ट विचारत: तुमचा सगळ्यांचा मिळून एखादा चांगला दिवस सांगा. एकाचे बोलणे चालू असताना दुसरा बाहेर बाकावर बसलेला असे आणि आतले अक्षरही बाहेर जाणार नाही याची लिलीबाई काळजी घेत. बहुतेकांना दिवस आठवत नसे. काहींना लग्नाचा दिवस आठवे, आणि तो सांगता सांगता मानपानापाशी येऊन ते पुन्हा भांडू लागत.

संग्राम आणि अश्लेषा यांचे प्रकरण त्यांच्याकडे आले, तेव्हा संग्राम एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये एकटा राहत होता आणि अश्लेषा सात वर्षांच्या जुईला घेऊन चंदनसारला माहेरी होती. दोघांनाही मुलगी हवी होती, आणि पूर्ण हवी होती. तूर्त संग्राम जुईला एक शनिवार सोडून न्यायालयाच्याच मुलांच्या खोलीत भेटत असे. तिथे सोंड तुटलेला एक प्लास्टिकचा हत्ती होता, भिंतीवर फिकट झालेली फुलपाखरे होती आणि दारात लक्ष ठेवायला बसलेली एक कर्मचारी होती. जो हरेल त्याच्या वाट्याला मुलीऐवजी ही खोली येणार होती, हे दोघांनाही कळत होते आणि म्हणूनच दोघेही तसूभर मागे सरकायला तयार नव्हते.

संग्राम आत आला तो घड्याळाकडे बघत. प्रश्न ऐकून जरा हसला आणि म्हणाला, "आहे ना मॅडम. अर्नाळ्याचा."

जुई चार वर्षांची असताना तिला किल्ला दाखवायला ते अर्नाळ्याला गेले होते. बेटावर जाणारी होडी नुकतीच सुटलेली. आता काय करायचे म्हणून किनाऱ्यावर घोटाळत असताना मागच्या गल्लीतून बँड वाजत आला. ख्रिस्ती कोळ्यांच्या घरी लग्न होते आणि नवरीच्या अंघोळीसाठी बायका वाजतगाजत विहिरीवरून उंबराचे पाणी आणायला निघाल्या होत्या. ही तिघे बघत उभी राहिली, तर लाल लुगड्यातल्या एका म्हातारीने अश्लेषाच्या डोक्यावर सरळ कळशीच ठेवली आणि तिला मिरवणुकीत ओढले. संग्राम जुईला खांद्यावर घेऊन मागून नाचत निघाला. अगदी शेवटी एक म्हातारा क्लॅरिनेटवाला होता, तो मध्येच थांबून सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसायचा आणि मग धावत येऊन सुटलेला सूर पकडायचा. विहिरीवर वाकून बघताना जुईच्या पायातली चप्पल सुटून पाण्यात पडली. ती भोकाड पसरणार एवढ्यात ती म्हातारी ओरडली, "चप्पल पानी प्याली गो!" आणि बँडवाल्यांसकट सगळा गाव हसत सुटला. जुईसुद्धा.

"त्या दिवशी ना मॅडम," संग्राम म्हणाला, "मला वाटलं, आपलं सगळं मस्त चाललंय."

मग अश्लेषा आत आली, खुर्ची लांब ओढून बसली. "चांगला दिवस?" ती म्हणाली. "माझ्या डोक्यावर कळशी आणि हा मागे येड्यासारखा नाचतोय, तो. अर्नाळ्याचा." आणि तिनेही तोच दिवस सांगितला: सुटलेली होडी, लाल लुगडे, पाण्यात पडलेली चप्पल आणि म्हातारीचे ते वाक्य.

लिलीबाईंना इतका आनंद झाला, की त्या स्वतःच दार उघडून संग्रामला आत घेऊन आल्या. ज्यांचे मुलीच्या शाळेच्या वेळेवरही एकमत होत नाही, अशी दोन माणसे एकमेकांना न ऐकता अक्षरशः तेच सांगत असतील, तर ते खरे असणारच, असा त्यांचा हिशोब होता. त्यांनी दोघांना ते सांगितले. मग अश्लेषा म्हणाली, "कळशीतलं अर्धं पाणी माझ्या ब्लाउजमध्ये गेलं होतं, ते सांगितलं नसशील," आणि संग्राम म्हणाला, "ते मॅडमना काय सांगायचं!" आणि दोघे हसू लागले. बाहेरच्या बाकावरची माणसे दचकून बघू लागली. त्या दारामागून हसण्याचा आवाज क्वचितच येत असे.

त्यानंतर गोष्टी भराभर सुधारल्या. जुई शनिवार-रविवार एव्हरशाईनला जाऊ लागली. पोहोचवायला संग्राम चंदनसारला येई, तेव्हा सासूबाई आधी दारातूनच बोलत, मग आत बोलावू लागल्या आणि पुढे जेवायलाही थांबवून घेऊ लागल्या. दोघांना पुन्हा एकत्र राहायचे नव्हते, ते त्यांनी स्वच्छ सांगितले. पण मुलगी दोघांची असावी एवढे ठरले. एकदा दोघे पुढच्या बैठकीला आले असताना, मुलांच्या त्या खोलीत जुई तुटक्या सोंडेच्या हत्तीला हाताने पाणी पाजत असताना लिलीबाईंनी तिला सहज अर्नाळ्याचे विचारले.

"मला आठवतंय सगळं," जुई म्हणाली. "चप्पल तुम्हीच काढलीत ना."

"मी कुठे होते तिथे, बाळा?"

"होतात की! दोराने कळशी खाली सोडून काढलीत. आणि म्हणालात, बघ, धुऊन मिळाली."

लिलीबाई हसल्या. मुले माणसे एकमेकांत मिसळतात, हे त्यांना ठाऊक होते. तरीही घरी जाताना त्यांना जाणवले, की आपण आपल्या उजव्या तळव्याकडे पुन्हा पुन्हा बघतो आहोत. ओला दोर ओढल्यावर असावी तशी तिथे एक बारीक आग होत होती.

आता अहवाल लिहायचा, म्हणून त्यांनी शेवटी अर्ज वाचायला घेतला. अश्लेषाच्या अर्जातली पहिलीच तक्रार अशी होती, की जुईला चार वर्षे पूर्ण होताच संग्राम मस्कतला नोकरीला गेला आणि ते सबंध वर्ष त्याने घरी पाऊल टाकले नाही. संग्रामच्या उत्तरात ते मान्य होते. त्याने फक्त कारणे दिली होती.

दोघांना बोलावून त्यांनी हे समोर ठेवले. अश्लेषाने डोळे मिटून घेतले.

"आम्हाला कळलंय मॅडम," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात फोटो शोधले. एकही नाही. तो नव्हताच तेव्हा इथे. आम्ही अर्नाळ्याला गेलोच नाही कधी."

"मग सांगितलं कुणी कुणाला?"

"कुणीच नाही," संग्राम म्हणाला. "तुम्ही विचारलं आणि आठवलं. आता नाही म्हणवत नाही. मला तिच्या चेहऱ्यावरचं पाणी दिसतं, मॅडम."

अश्लेषा पुढे वाकली. "आमच्याकडे तेवढंच आहे. तो दिवस काढून घेऊ नका."

न्यायाधीश वसुंधराबाई या बाबतीत कडक होत्या. नव्या समुपदेशकांना त्या सांगत, की तुमच्या एका वाक्यावर मूल या घरातून त्या घरात जाते. तेव्हा प्रत्येक वाक्यामागे तुम्हाला उभे राहता आले पाहिजे. लिलीबाईंना गप्प बसणे शक्य होते. समेट झाला होता, कुणी विचारणार नव्हते. खरे सांगितले तर सगळेच बनावट ठरून जुई पुन्हा त्या खोलीत येण्याची भीती होती. पण ज्या दिवसामागे आपण उभ्या राहू शकत नाही, त्याच्या आधाराने मूल वाटून द्यायचे, हे त्यांना पटेना. निदान जाऊन बघू, म्हणून चर्चमधला रविवारचा मिस्सा आटोपून त्या अर्नाळ्याला गेल्या.

ऊन सुरेख पडले होते. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत लोंबत होते आणि त्यांच्या मधून पोरे पकडापकडी खेळत होती. कार्मिन नावाची एक म्हातारी बोंबील उलटवत होती. ती निळ्या लुगड्यात आहे हे पाहून लिलीबाईंना उगीच हायसे वाटले. त्यांनी उंबराच्या पाण्याचे विचारले.

"इहिरीवर आता कोन जातंय, बाय?" कार्मिन खिदळली. "बॅन्ड लावून नळापर्यंत जातात. नळाला पानी नसलं तं टँकरपर्यंत! त्या दिवशी टँकरवाला पन नाचला."

"आणि विहीर?"

"तिला जाळी ठोकली, माझी नात जल्मायच्या आधी. नातीला आता पोर झाला."

लिलीबाईंनी विहीर पाहिली. जाळी गंजून कठड्याला चिकटली होती. तिच्यातून चप्पल काय, मुलाची मूठही आत गेली नसती. परत येताना मासळी धुतलेल्या पाण्याच्या डबक्यात त्यांचा पाय पडला, तशी मागून कार्मिन ओरडली, "चप्पल पानी प्याली गो!"

लिलीबाई वळल्या. "असं म्हणतात का तुमच्याकडे?"

"नाय बा," म्हातारी म्हणाली आणि स्वतःच नवलाने हसली. "आताच सुचला."

दुसऱ्या दिवशी दुपारी संग्राम आणि अश्लेषा यांच्यासमोर लिलीबाईंनी न्यायाधीशांना सर्व सांगितले. फार तपशील दिला नाही: दोन्ही पक्षकारांना अर्नाळ्याचा एक आनंदाचा दिवस आठवतो, अर्जांवरून आणि प्रत्यक्ष पाहणीवरून तो दिवस घडलेला नाही, आणि अर्ज न वाचता त्याला समेटाचा आधार करणे ही आपली चूक आहे, एवढेच. अश्लेषा जमिनीकडे बघत होती. संग्रामने खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

वसुंधराबाईंनी समोरची फाइल मिटली. मग त्यांनी विचारले, "मुलगी शेवटचं आजारी पडली तेव्हा कुणाकडे होती?"

"माझ्याकडे," संग्राम म्हणाला. "पण ही येऊन राहिली. म्हणजे, मी हॉलमध्ये झोपलो."

"आणि औषध?"

"मी सांगत होते, तो देत होता," अश्लेषा म्हणाली. "माझ्या हातून ती घेत नाही. थुंकते."

"माझ्या हातूनही थुंकते," संग्राम म्हणाला. "फक्त माझ्या शर्टावर."

न्यायाधीशांच्या ओठांच्या कडा हलल्या. "जो दिवस घडला नाही, त्यावर मी आदेश देणार नाही. हा घडलेला आहे, यावर देते. मुलगी दोघांकडे राहील. तुमचा तो दुसरा दिवस पुराव्यात येणार नाही. घरी ठेवा."

अश्लेषा रडू लागली आणि रडता रडता तिने संग्रामचाच रुमाल मागून घेतला. दोघे बाहेर गेले. व्हरांड्यात जुईचा आवाज आला, मग तिघांचे हसणे, आणि ते जिन्यावरून खाली खाली जात राहिले. लिलीबाईही उठल्या. इतके हलके त्यांना कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

त्या दारापाशी पोहोचल्या, तेव्हा वसुंधराबाई खिडकीतून खाली बघत होत्या.

"मी कधी अर्नाळ्याला गेलेले नाही, लिलीबाई," त्या मान न वळवता, सावकाश म्हणाल्या. "पण त्या पोरीची चप्पल मिळाली होती ना शेवटी?"

चपलेचा उल्लेख त्या दालनात कुणीही केला नव्हता.

"हो मॅडम," लिलीबाई म्हणाल्या. "मीच काढली." आणि हे वाक्य बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले, की त्यामागे उभे राहायला आपण तयार आहोत.

यातले मला पडताळता आले ते असे: विहिरीला जाळी आहे आणि ती फार जुनी आहे, जुई दोन्ही घरी आनंदात आहे आणि दोन्ही घरी तिच्या चपला आहेत. वसुंधराबाईंची बदली झाली असून त्यांना मी भेटू शकलो नाही.

एक गोष्ट मात्र मला अखेरपर्यंत निश्चित करता आली नाही. मिरवणुकीच्या शेवटी चालणाऱ्या, चष्मा पुसायला थांबणाऱ्या क्लॅरिनेटवाल्याविषयी मी वर लिहिले आहे. मजकूर तपासायला दिला तेव्हा लिलीबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवले. हे आपण सांगितलेले नाही, आणि संग्राम किंवा अश्लेषाही बोलले नव्हते, असे त्या म्हणाल्या. मी दोघांना विचारले. त्यांनाही तो आठवत नाही; मला आठवतो. मिरवणुकीत सगळ्यात मागे कोण चालत होते, हे त्यांनी वळून पाहिले नव्हते.