समुद्रापलीकडची बाई

"दोन दिवस खिडक्या लावून ठेव आणि बाळाचं धुणं घरातच वाळव," मामा सकाळी फोनवर म्हणाला, तेव्हा मी हसले. "बाळ झाल्यापासून जो तो मला शिकवायला टपलाय. आता तूही?" दुपटी गच्चीवर फडफडतच राहिली. मी पदवीधर, मला कोण शिकवणार!

वर आदल्या दिवशी तो आमच्याकडे चष्मा विसरला होता. बाळाला कडेवर घेऊन, त्याच उघड्या हवेतून, मी तो द्यायला त्याच्या कामावर गेले. यावरून माझी अक्कल ओळखा.

मामाचं काम म्हणजे पाण्याच्या टाकीमागची एक खोली. तिथलं यंत्र हवा ओढून गाळणकागदातून सोडतं. रोज तो कागद काढायचा, त्यावरचा किरणोत्सार मोजायचा आणि आकडा वरच्या कचेरीला कळवायचा. शिवाय दर मंगळवारी समुद्रापलीकडच्या केंद्रातल्या बाईला फोन करून लाइन चालू असल्याची खात्री करायची. दोघांचंही इंग्रजी बेताचं. "फाइन?" "फाइन." बारा वर्षं एवढंच. मामी म्हणायची, "माझ्याशी कधी इतकं नेमानं बोलला नाहीत."

मी पोचले तेव्हा वरच्या कचेरीतले साहेब फोनच्या स्पीकरवर होते. मागे कपबश्या वाजत होत्या. आशियातल्या बारा देशांची अणुसुरक्षा परिषद चालू होती. गावभर फलक लागले होते: 'वाऱ्याला सीमा नसते'. साहेबांच्या अकलेला होती.

"नेहमीच्या तिप्पट? चष्म्याशिवाय वाचलात ना? मग चुकलं असेल."

मी चष्मा पुढे केला. मामानं तो लावून पुन्हा वाचलं. "साहेब, तिप्पटच. आणि वाढतोय. वारा समुद्रावरून येतोय, म्हणजे त्यांच्या अणुभट्टीतून..."

"अहो, त्यांचे मंत्री माझ्या शेजारी बसलेत! पाहुण्याच्या तोंडावर असलं बोलतात का? चारला सह्या होऊ द्या. मग बघू."

"सह्या कशावर आहेत, साहेब?"

"असे आकडे तासाभरात एकमेकांना कळवण्यावर," साहेब म्हणाले. त्यांना त्यात काहीही विचित्र वाटलं नाही.

मामानं फोन ठेवला. मंगळवार नव्हता, गुरुवार होता. तरी त्यानं त्या बाईचा नंबर फिरवला.

"फाइन?"

पलीकडे ती बाई खाकरली. "नॉट फाइन."

तिचा आकडा पन्नासपट होता. तिलाही सह्या होईपर्यंत गप्प बसायला सांगितलं होतं. दोघांनी आपापले आकडे दोनदा म्हणून दाखवले, आणि मामानं ते दोन्ही बाराही देशांच्या केंद्रांना पाठवून दिले.

"मामा, तुझं काय होईल आता?"

"माझं सोड. पोरीला घेऊन आधी घर गाठ. आता तरी ऐक."

त्या दुपारी तीन देशांतल्या किनाऱ्यावरच्या शाळांनी मुलं मैदानातून आत घेतली. चारला सह्याही झाल्या, परस्परविश्वासावर भाषणं झाली. साहेबांना नव्या समितीचं अध्यक्षपद मिळालं. असल्या माणसांना खुर्ची शोधावी लागत नाही, खुर्चीच त्यांना शोधत येते. मामाला निवृत्तीच्या आठ महिने आधी गोदामात धाडलं, मोडकी टेबलं राखायला. त्याच्या जागी आलेल्या पदवीधराचा आकडा रोज चोख असतो. कागद बदलायचा असतो हे त्याला ठाऊक आहे की नाही, देव जाणे.

पुढच्या मंगळवारी मामानं घरून फोन लावला. एका पुरुषानं उचलला. "फाइन?" मामानं विचारलं. फोन कटला. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तसंच झालं. मामी आता चिडवत नाही. मंगळवारी फोन त्याच्या हाताशी आणून ठेवते.

तुमच्यापैकी कुणी समुद्रापलीकडे जाणार असेल, तर तिथल्या मोजणी केंद्रात तेवढं विचाराल का? आवाज घोगरा आहे, बोलण्याआधी खाकरते. नाव बारा वर्षांत मामानं कधी विचारलं नाही. ती कशी आहे, एवढंच बघून या.