शिंपीमास्तर निवळले तेव्हा

धाकट्या मुलाचं लग्न झालं त्या वर्षी शिंपीमास्तर निवळले. तोवर त्यांच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. मधली लेक त्यांच्याच दुकानात शिवायला बसे. कॉलर दोराभर हलली तरी ते कपडा तिच्या अंगावर भिरकावत. "डोळे आहेत की बटणं?"

मग एके दिवशी त्यांनी तिची कॉलर उजेडात धरली नि म्हणाले, "छान झाली गं, बाळ."

बाळ! तिला हसावं की रडावं कळेना. कॉलर चक्क वाकडी होती. तिने ती गुपचूप उसवली.

पुढे रोजच तसं. गिऱ्हाईक ओरडलं तरी मास्तर हसत. जाता-येता तिच्या डोक्यावरून हात फिरवत. कधी एकाच शर्टाला दोन डाव्या बाह्या कापून ठेवत. ती मुकाट्याने उजवी कापून घेई.

मास्तरांची बहीण राहायला आली, तिने हे पाहिलं.

"माझा भाऊ इतका गोड जन्मात नव्हता. डॉक्टरला दाखव."

"गोड वागतात म्हणून दवाखान्यात नेऊ? लोक हसतील, आत्या."

"थट्टा पुरे. त्या बाह्या बघितल्यात मी."

"वय झालंय. आणि आत्या, आत्ता कुठे बाप मिळालाय मला. राहू दे की थोडे दिवस."



थोडे दिवस म्हणता म्हणता थंडी सरली. एका सकाळी मास्तर मशीनवरच कोसळले. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो दाखवला. कपाळामागे लिंबाएवढी गाठ.

"राग, लाज, स्वतःला आवरणं, सगळं इथून चालतं. गाठ दाबत गेली तसा स्वभाव बदलला. घरात कुणालाच काही वाटलं नाही?"

आत्याने भाचीकडे पाहिलं नाही. तेवढी दया केली.

"वाटलं," लेक म्हणाली. "बरं वाटलं."

मग तिने विचारलं, "मला बाळ म्हणायचे, ती पण गाठच का हो?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "ते मला नाही सांगता येणार, ताई. आधी आणलं असतं तर काढता आली असती."

ती खाटेशी जाऊन बसली. त्यांनी एक सणसणीत शिवी हासडावी, एवढंच तिला हवं होतं. मास्तरांनी डोळे उघडले, तिचा हात चाचपला.

"दमलीस का गं?"



शिंपीमास्तर उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका मंगळवारी सकाळी, दवाखान्यात वारले.