खिडकीपुढचे सरू

ताईनं अंगणात अकरा सरू लावले, तेव्हा रफूवाली खिडकीत बसून एका कोटाची बाही रफू करत होती. रोपं जेमतेम गुडघ्याएवढी. पण ती बरोबर तिच्या खिडकीखाली, ओळीनं लागत होती.

"कसली गं ही?" तिनं विचारलं.

"सरूची. बाबांच्या आठवणीसाठी. बारा महिने हिरवी राहतात. अमरपणाचं झाड म्हणतात याला."

रोपं आणणारा माळी दफनभूमीत कामाला होता. हातावरची माती झटकत तो म्हणाला, "आमच्याकडे थडग्यांपाशी लावतात, बाई. शोकाचं झाड. पण वाढतं मात्र झपाट्यानं."

"तेच हवंय मला," ताई म्हणाली.

दोघी सख्ख्या बहिणी. बाबांचं लांबलेलं आजारपण धाकटीनं काढलं. तीन वर्षं त्यांचं हगणंमुतणं, औषधं, चिडचिड, सगळं. तिचं लग्न झालं नव्हतं, म्हणून ते तिच्याकडेच आलं. ताई नवऱ्यासोबत दुसऱ्या गावी, दोन तासांच्या अंतरावर. बाबा गेले आणि मृत्युपत्र उघडलं, तर मोठ्या खिडकीची खोली धाकटीला, मागच्या दोन खोल्या आणि अंगण ताईला. भाऊजी निवृत्त झाल्यावर ताई राहायला आली, ती हा सल घेऊनच.

"सेवा केलीस, मान्य," ती म्हणायची. "पण खिडकीवर डोळा ठेवून केलीस."

खिडकी म्हणजे रफूवालीचं पोट होतं. फाटलेल्या कापडातलेच धागे काढून, त्याच विणीनं भोक असं भरायचं की मालकालाही सापडू नये. हे काम दिव्याखाली होत नाही. दिव्यात गडद निळा आणि काळा यांत फरकच कळत नाही.

सहा वर्षांत सरू खिडकीच्या वर गेले. खोलीत भर दुपारी हिरवट अंधार. रफूवालीनं आधी दिवा घेतला, मग जाड भिंगाचा चष्मा, मग दोन दिवे. एक दिवस जुन्या गिऱ्हाईक वकीलबाई कोट परत घेऊन आल्या.

"घरात छान दिसतो हो," त्या म्हणाल्या, "पण उन्हात गेलं की कोपरावर निळा ठिपका. कोर्टाच्या पायरीवर शिपायानं दाखवला मला."

त्या पुन्हा आल्या नाहीत. रफूवाली त्याच संध्याकाळी ताईकडे गेली.

"वरून हातभर छाट ना गं. हात जोडते तुझ्यापुढे."

"माझ्या जागेत माझी झाडं आहेत."

तिनं भाऊजींकडे पाहिलं. ते पेपरामागून म्हणाले, "माझ्याकडे नको बघूस. या घरात झाडांना पाणी आधी, मला चहा नंतर."

पुढच्याच वर्षी भाऊजी गेले, आणि त्यानंतर काही महिन्यांनी ताई न्हाणीघरात घसरली. उजवं मनगट मोडलं. तिला मूलबाळ नव्हतं. रफूवाली न बोलावता गेली. दीड महिना तिला भरवलं, वेणी घातली, साडी नेसवली. पहिले आठ दिवस ताई भिंतीकडे तोंड करून घास घ्यायची. मग एकदा म्हणाली, "मीठ कमी आहे." दोघींना हसू आलं.

प्लॅस्टर निघालं त्या आठवड्यात ताईनं आपण होऊन माळ्याला बोलावलं. त्यानं सगळे सरू खिडकीच्या खालच्या चौकटीपर्यंत खाली आणले. सकाळचं ऊन कित्येक वर्षांनी पाटावर पडलं. रफूवालीनं धाग्यांचा डबा उपडा केला आणि निळे एकीकडे, काळे एकीकडे लावत बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते उजेडानं की कशानं, तिलाच कळेना.

दुपारी ताई चहा घेऊन आली. त्याच खोलीत, बाबांची खाट असायची तिथे बसली. रफूवालीला राहवलं नाही. इतक्या चांगुलपणाखाली ती गोष्ट दाबून ठेवणं तिला जमेना.

"ताई, बाबा झोपेत अचानक गेले असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं."

ताईनं कप खाली ठेवला.

"तीन दिवस ते शुद्धीवर होते. तुला हाका मारत होते. मी तीन वर्षं उशाशी बसलेली, आणि तोंडात नाव तुझं. माझं डोकं फिरलं. मी तुला फोनच केला नाही."

"त्यांना काय सांगितलंस?"

"कळवलंय म्हणून. निघालीय, येईलच म्हणून."

"तीन दिवस?"

"तीन दिवस."

 ताईनं विचारलं, "कशी हाक मारत होते?"

"चिमणे."

ताई उठली. स्वतःचा कप विसळला, पालथा घातला आणि गेली. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत. रफूवाली रोज दाराशी जायची; दार लावलेलं. तिनं ठेवलेला जेवणाचा डबा संध्याकाळी तसाच तिच्या उंबऱ्यावर परत यायचा, झाकणसुद्धा न उघडलेला.

महिन्याभरानं माळी हातगाडीवर रोपं घेऊन आला. या वेळी बावीस. दोन ओळींत खड्डे खणू लागला. रफूवाली खिडकीशी आली.

"जुन्यांना नवे शेंडे नाही का फुटणार?" तिनं विचारलं.

"गुलाब छाटला की दुप्पट फुटतो, बाई. सरू जुन्या लाकडापर्यंत कापला की संपला. तो तिथून फुटत नाही." मग जरा घुटमळून तो म्हणाला, "मी ताईंना म्हटलं, खिडकी सोडून लावू. त्या म्हणाल्या, मोजून खिडकीसमोरच लाव. तुम्ही बोलून बघा ना त्यांच्याशी. बहीणच आहे तुमची."

"बोलले मी," रफूवाली म्हणाली. "बोलले म्हणूनच लावतायत."

माळ्याला काही कळलं नाही. तो खाली वाकून खणू लागला. मागच्या खोलीच्या दारात ताई उभी होती, बरं झालेलं मनगट दुसऱ्या हातानं चोळत. दोघींची नजरानजर झाली. ताईनं मान वळवली नाही, रफूवालीनंच वळवली.

सहा वर्षं, तिनं मनाशी धरलं. ती आता अठ्ठावन्नची होती. तिनं पाट खिडकीच्या आणखी जवळ ओढला आणि उजेड होता तोवर हातातलं काम पुढे घेतलं.