खोलीबाहेरच्या वहाणा

"या वयात हरिबाला असलं काय गं झालं आसंल? कवाचा आत जाऊन बसलाय."

गिताबाईची ही कुरकुर दाराच्या फटीतून आत आली, तेव्हा हर्षदा समुपदेशक सुषमाताईंसमोर खुर्चीत बसली होती. दारापलीकडे बाकडं, बाकड्यावर निमोण्याची गिताबाई, आणि गिताबाईच्या नजरेसमोर दाराशी काढलेल्या हरिबाच्या वहाणा. आत मात्र हरिबा नव्हताच. आत होती त्याची नात, हीच हर्षदा, नुकतीच अठरा पूर्ण झालेली, आणि तोंडात ओढणी कोंबून हसू दाबत होती.

त्याचं झालं असं. तालुक्याच्या दवाखान्यात तरुण पोरापोरींसाठी एक वेगळी खोली होती. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'इथे बोललेलं इथेच राहील.' आणि लगेच त्याच्याखाली, 'चपला बाहेर काढाव्यात.' ज्यानं या दोन्ही पाट्या एकाच दारावर ठोकल्या, त्याला निमोणं गाव ठाऊक नसावं. तिथल्या जुन्या बायकांनी अख्ख्या कळपात आपलं मेंढरू नुसत्या कानावरून ओळखलेलं. मेंढरं सरली, पण नजर कुठं जाते? ती चपलांवर आली. मागं हर्षदाची मैत्रीण धनश्री या खोलीत येऊन गेली, तर तिच्या मोरपंखी सँडल बाहेर राहिल्या. ती एसटीनं घरी पोचायच्या आत तिच्या आईला फोन येऊन गेले होते, "पोरगी बरी हाय ना तुमची?"

हर्षदानं त्यावरून धडा घेतला. सकाळी आबांच्या, म्हणजे हरिबाच्या, वहाणा पिशवीत घातल्या, तोंडाला स्कार्फ बांधला आणि गिताबाई बीपीच्या गोळ्या घ्यायला खिडकीशी गेल्याबरोबर त्या वहाणा दाराशी मांडून, स्वतःच्या चपला पिशवीत कोंबून आत सटकली. म्हाताऱ्या माणसाला कोण विचारतंय, असा तिचा हिशेब. चुकलं एवढंच, की दौंडच्या बाजारातून करून घेतलेल्या, टायरच्या तळाच्या आणि पितळी फुल्यांच्या त्या वहाणा गावात हरिबाच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीच्या होत्या.

सुषमाताईंनीही हसून घेतलं. मग चहा मागवल्यासारखं सहज विचारलं, "आता बोल."

बोलायला शब्द कुठला वापरायचा, इथूनच पंचाईत होती. घरी आई सुलक्षणा त्याला 'अडचण' म्हणायची, आजी तानुबाई 'कावळा' म्हणायची. हर्षदाची अडचण अशी, की दिवाळीपासून अडचण आलीच नव्हती. घरी सांगावं तर आईच्या मनात पहिली शंका कुठली येईल हे तिला माहीत होतं. शंका फिटली तरी मागोमाग स्थळं येणार, लग्न झालं की सगळं सुरळीत होतं म्हणून. कॉलेज राहिलं बाजूला.

सुषमाताईंनी पहिली शंका तपासून तिथंच मिटवली. बहुतेक हार्मोन्सची गडबड आहे, रक्त तपासू, सोनोग्राफी करू, औषधानं आवाक्यात येईल, असं नीट समजावून सांगितलं. "घरातलं एखादं माणूस बाजूला असलं तर तुलाच बरं वाटेल," त्या म्हणाल्या. "पण सांगायचं का आणि कुणाला, ते तू ठरवायचं. मी कुणाला सांगणार नाही. आबांना नाही आणि त्यांच्या वहाणांनाही नाही."

मग झाडू मारायच्या निमित्तानं त्यांनी वहाणा आत ओढल्या आणि हर्षदाला मागच्या दारानं वाटेला लावलं. इकडे खोलीला कुलूप लागलं तरी हरिबा बाहेर आला नाही. गिताबाईनं मग गावात जे सांगितलं, त्यात तिची तरी काय चूक?

संध्याकाळी दूध डेअरीवर हरिबाच्याच वयाच्या हौसरावांनी त्याला बाजूला घेतलं. जरा जपून राहा, म्हणाले, आपलं वय झालं आता, दाराशी वहाणा काढून त्या तरुणांच्या खोलीत कशाला जायचं. दिवसभर अनवाणी पायांनी वहाणा हुडकत फिरलेला हरिबा बोलायला लागणार, तोच त्याला दुधाच्या मोठ्या कॅनांआड उभी असलेली नात दिसली. तोंड पांढरंफटक. वहाणा कुठं गेल्या ते त्याला उमगलं.

"व्हय, गेलतो," तो म्हणाला. "फुडचं इचारू नका, हौसराव. खाजगी हाय."

झालं. रात्रीच्या जेवणाला तानुबाईनं हरिबाच्या ताटात भाकरी लांबूनच टाकली. भिंतीकडं बघून जाहीर केलं, की उद्या आपण दौंडला भावाकडं निघालो. हरिबानं एसटी थांब्यापर्यंत पिशवी आणून द्यायची तयारी दाखवली. सुलक्षणा रिकामा तवा पुन्हा पुन्हा पुसत राहिली. 'ते' काय, 'तसलं' काय, एवढ्या दोनच शब्दांवर घरातलं सगळं भांडण चाललं होतं.

"जन्मभर संसार केला ह्यांचा," तानुबाईचा आवाज आता चिरकला. "आन् म्हातारपणी तसलं दुखणं घिऊन आलं. मी कुणाला तोंड दावू?"

हरिबानं ठेचा भाकरीला लावला, पाणी प्यायला. सगळ्यांकडं बघितलं, फक्त हर्षदाकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्या न बघण्यानंच तिनं उचललेला घास परत ताटात ठेवला. कुणाला सांगायचं ते तू ठरवायचं, सुषमाताई म्हणाल्या होत्या. तिनं ताट बाजूला सारलं.

"आजी, आबा न्हाई, मी गेलते तिथं. माझ्या पोटात काय न्हाई, तपासलंय त्यांनी," ती म्हणाली. "माझी पाळी आली न्हाई दिवाळीपासून."