लाल टिंबाचा चौथा सेल

मित्रांनो, मी एक जुना सेल आहे. पण जुना म्हणजे संपलेला नव्हे हं! चार्जरमध्ये काही तास बसवा, की मी पुन्हा ताजातवाना. आम्ही चौघे भाऊ एकाच पाकिटातून आलो. आमचा संच ओळखता यावा म्हणून ताईने आमच्या पाठीवर नेलपॉलिशचे लाल टिंब लावले आणि आम्हाला कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये बसवले.

एका सकाळी स्वयंपाकघरातले घड्याळ बंद पडले. आईने मला फ्लॅशमधून काढून घड्याळात घातले आणि जागा रिकामी नको म्हणून घड्याळातला मरगळलेला साधा सेल माझ्या जागी कोंबला! दोन वर्षे बिचाऱ्याने एकट्याने काटे फिरवले होते. त्याला फ्लॅशचे ओझे कसे पेलणार?

नेमके त्याच दिवशी बाबा निवृत्त होणार होते. बाबा अग्निशमन केंद्राचे प्रमुख. केंद्रातल्या आपल्या माणसांसोबत त्यांचा एकही फोटो नव्हता. फोटोला उभे राहिले, की भोंगा वाजे आणि सगळे पळत.

दुपारी फोटो काढायला केंद्रावर गेलेल्या ताईचा फोन आला. भिंतीवर मलाही तिचा आवाज ऐकू आला.

"आई, माझा चौथा सेल कुठंय? फ्लॅश एकदा उडाला, आता भरतच नाहीये! आणि त्या एका फोटोत बाबांनीच डोळे मिटलेत!"

"अगं बाई! तो तर घड्याळात आहे!"

आईने झाकण ओढले, ते काही निघेना. मग काय, अख्खे घड्याळ काखोटीला मारून ती धावत सुटली! केंद्र दोन गल्ल्यांवर होते. मी आत नुसता थरथरत होतो.

बंबांच्या अंधाऱ्या शेडमध्ये सगळे ओळीने उभे होते. बंबाचा चालक ओरडला, "वहिनी, साहेबांची वेळ झाली म्हणून घड्याळच आणलंत का?"

ताईने किल्लीने झाकण उचकटले आणि मला भावंडांशेजारी बसवले. दोन सेकंदांत हिरवा दिवा लागला. खटॅक! सगळ्यांचे डोळे उघडे!

तोच भोंगा वाजला. सगळे बंबाकडे पळाले. बाबांचेही पाऊल उचलले गेले. मग ते थांबले आणि निघालेल्या बंबाकडे बघत त्यांनी हात उंचावला. आम्ही चौघांनी फ्लॅश पुन्हा भरला होता. खटॅक! दुसराही फोटो मिळाला. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

घड्याळात आता नवा साधा सेल आहे. तिथे तोच बरा. मी नुसता बसूनही हळूहळू रिकामा होतो. तो साधा सेल संपला, की कचऱ्यात टाकू नका, जुन्या सेलच्या पेटीत टाका. पण मित्रांनो, आम्हा चौघांची मात्र ताटातूट करू नका. आमच्यातला एक जरी उचललात, तरी कुणाचे तरी बाबा फोटोविनाच घरी जातील.