चाकापेक्षा जरासा मोठा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी साचा आहे. स्वभावाने मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गावाबाहेरच्या ओतकामाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. सुतारकाकांनी मला सागाच्या फळ्यांतून घडवले, एकेक दाता कोरून गुळगुळीत केला. मला ओल्या वाळूत दाबायचे, अलगद उचलायचे आणि माझ्या ठशात वितळलेले लोखंड ओतायचे, की वैरण कापणाऱ्या यंत्राचे दातेरी चाक तयार!

पिके चांगली आली की शेतकरी नवी यंत्रे घेत आणि भट्टी रोज पेटे. माझी चाके हिरवा रंग लावून ट्रॉलीतून निघत. मी मात्र वाळू झटकून पुन्हा फळीवर. त्यांनी गोठे पाहिले, गाईंचे हंबरणे ऐकले. मी भिंतीवरची पाल पाहिली. शिवाय ती चाके कशी नेटकी, बेताची! मी त्यांच्याहून जरासा मोठा, बेढब. सुतारकाकांचा हात चुकला असणार, असेच मला आयुष्यभर वाटत आले.

मग लागोपाठ दोन वर्षे पिके गेली. शेतकरी जुन्याच यंत्रांना तारा बांधून दिवस ढकलू लागले. भट्टी पंधरवड्यातून एकदा पेटू लागली. बारा कामगारांपैकी वाळू भरणाऱ्या मावशी तेवढ्या उरल्या. कारभार मालकांच्या जावयांकडे आला. त्यांनी फर्मान काढले, "ही जुनी लाकडं भट्टी पेटवायला घ्या." पंपाचा साचा माझ्या डोळ्यांदेखत गेला. पुढच्या ढिगात सर्वांत वर मी होतो.

एके सकाळी एक शेतकरीण गोणपाटात माझेच एक चाक गुंडाळून आली. त्याचे दोन दाते तुटले होते.

"हाताने वैरण तोडून खांदा गेला माझा," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवसापर्यंत चाक नाही मिळालं, तर घरची माणसं दोन गाई विकायला काढणार आहेत."

मावशी त्या दिवशी लेकीकडे गेल्या होत्या. जावईबापूंनी तुटके दाते मेणाने भरले आणि त्या चाकालाच वाळूत दाबले. माझ्या जागी, माझेच पोर! मत्सराने माझा सांधा न् सांधा कुरकुरला.

नवे चाक दिसायला झकास होते. पण दुसऱ्या दिवशी शेतकरीण ते घेऊन परत आली. यंत्रात त्याचे दाते जोडीदाराला धरतच नव्हते, नुसते घसरत होते.

"चाकावरून चाक काढलंत, जावईबापू?" मावशी हसल्या. "अहो, लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून तर साचा मोठा करतात."

"मला तर काही फरक दिसत नाही."

"तुम्हाला नाही दिसत. दात्यांना कळतो."

"बरं, मग साचा कुठाय?"

"तुम्ही पेटवायला काढलाय, तिथंच!"

मावशींनी मला ढिगातून ओढले, फडक्याने पुसले आणि मोडक्या चाकावर ठेवले. चहूबाजूंनी मी थोडा थोडा बाहेर डोकावत होतो. सुतारकाकांचा हात चुकला नव्हता.

माझ्या ठशातून ओतलेले चाक शेतकरणीने नेले आणि बाजाराच्या दिवशी ती पुन्हा आली, शेजारणीला घेऊन. "गाई गोठ्यातच आहेत," ती म्हणाली. "आता हिचंही चाक करून द्या."

खोटे कशाला बोलू? रंग लावून निघालेल्या त्या चाकाचाही मला हेवा वाटलाच. पण मित्रांनो, चाक मोडले तर नवे करता येते. साचा जळला तर ते कशावरून करणार? म्हणून एखादी जुनी वस्तू बेढब वाटली, तर तिला आगीत टाकण्याआधी एवढेच करा: मावशी परत येईपर्यंत थांबा.